खालचा आकडा

सांगली
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५, दुपारचे ३ वाजून ४० मिनिटे

तीर्थस्वरूप गोदावरी आत्यास,
अवधूतचा नमस्कार.

हे लिहायला घेतलं त्याच्या आधी मी सरावाच्या खोलीत एका रबरी हाताला बीपीचा पट्टा बांधत आणि सोडत होतो. चौदा वेळा बांधला. पट्ट्याची खालची कड कोपराच्या वर दोन बोटांवर हवी. माझी एकदा तीन बोटांवर गेली आणि एकदा एकावर आली.

तुम्हाला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा वाजून बंद झाला. मग तुमचा मेसेज आला की फोन नको, कागदावर लिही. म्हणून लिहितो आहे. माझं काही चुकलं असेल तर सांगा. मला जीएनएमला पाठवा म्हणून बाबांशी तुम्हीच भांडलात. बारावीला दोनदा बसलेला, आयटीआय अर्धवट सोडलेला मुलगा, तोही माजी हवालदाराचा, आणि त्याने नर्स व्हायचं, हे बाबांच्या गळी अजून उतरलेलं नाही. तुम्हीही रागावलात तर माझ्या बाजूने कुणीच उरत नाही.

यंदापासून आमची शिकण्याची पद्धत बदलली आहे. पूर्वी वॉर्डात इतके तास भरले आणि पेपर सुटला की झालं. आता प्रत्येकाला एक कार्ड दिलं आहे. त्यावर चाळीस कामं आहेत. हात धुणं पहिलं, बीपी मोजणं अकरावं. प्रत्येकापुढे तीन रकाने: पाहिले, देखरेखीखाली केले, स्वतंत्र केले. पल्लवी मॅडम शेजारी उभ्या राहून नुसतं बघतात आणि एक पायरी जरी राहिली तरी सही देत नाहीत. "किती दिवस आलास ते मला नको सांगू. काय येतं ते दाखव," असं त्या म्हणतात. हात धुताना माझा डावा अंगठा तीन वेळा राहिला.

चाळीसावं काम वाचून सगळा वर्ग हसला. 'चूक झाल्यास ती रुग्णाला व नातेवाइकांना सांगणे.' माझ्या खोलीतला प्रांजल म्हणाला, "मॅडम, हे बघायला कुठल्या वॉर्डात जायचं?" मॅडम हसल्या नाहीत.

माझी अडचण अकराव्याची आहे. हवा सोडताना पहिला ठोका ऐकू येतो तो वरचा आकडा. तो कसाबसा सापडतो. पण ठोके बंद होतात तो खालचा आकडा मला ठरवता येत नाही. थांबले असं वाटतं आणि अजून एक येतो. वर्गातली मयूरी म्हणते, "एवढं काय त्यात? ऐंशी लिहून टाक." तुम्ही तीस वर्षं हे रोज करता. तुम्ही कसं ओळखता?

आपला,
अवधूत


सातारा
१४ ऑगस्ट

चि. अवधूतास आशीर्वाद.

आत्या रागावलेली नाही. फोनचा लय वैताग येतो बघ. एका हातात सलाईनची बाटली आणि दुसऱ्यात फोन, असं मला जमत नाही. पत्र बरं. टेबलावर ठेवून दोनदा वाचता येतं. आणि तुझं अक्षर तुझ्या बापापेक्षा चांगलं आहे. जयराज जम्मूहून पत्र पाठवायचा ते मला शेजारच्या मास्तरांकडून वाचून घ्यावं लागायचं.

आता बीपीचं. आधी मनगटाची नाडी धर. पट्टा फुगव. बोटाखाली नाडी बंद पडते तो आकडा ध्यानात ठेव, पारा त्याच्या अजून तीस वर ने आणि मग हळू हळू सोड. नाडी परत उचलते तो जवळपास वरचा आकडा. बोटांवर विश्वास ठेवायला शीक. खालचा सरावाने येतो.

ही कार्डाची पद्धत आमच्या दवाखान्यातही आली आहे. डिसेंबरात आम्हा जुन्या सिस्टरांनाही एकेक काम करून दाखवायचं आहे. केस पांढरे झाल्यावर परीक्षा! नाथाजी आबा म्हणून आमचे एक नेहमीचे पेशंट आहेत, एसटीचे रिटायर ड्रायव्हर, दर महिन्याला बीपी बघायला येतात. ते म्हणाले, "सिस्टर, नापास झालासा तर आमच्या गल्लीत या. आमी देतो तुमास्नी सर्टिफिकेट." सगळी लाईन हसली.

तुझा बाप अकरा तारखेला मिलिटरी कँटीनला आला होता, तसाच माझ्याकडे आला. बीपी बघून वहीत लिहून दिला. बरा आहे. तुझं काही विचारलं नाही, पण टेबलावर तुझ्या पत्राचं पाकीट होतं ते दोनदा उलटंसुलटं करून बघितलं.

तुझी,
आत्या


सांगली
रविवार, २१ सप्टेंबर, सकाळचे १० वाजून ५ मिनिटे

तीर्थस्वरूप आत्यास नमस्कार.

गणवेश धुऊन गच्चीवर वाळत घातला आणि लिहायला बसलो. हे पत्र वाचून झाल्यावर कुणाला दाखवू नये ही विनंती.

पल्लवी मॅडम पंधरा दिवस रजेवर होत्या. वॉर्डातला आमचा शेवटचा दिवस आला तेव्हा तिथल्या इन्चार्ज सिस्टरांनी सव्वीस कार्डं एकावर एक रचली आणि चहा पिऊन होईपर्यंत सगळ्यांवर सह्या केल्या. इथे पूर्वीपासून असंच चालतं असं वरच्या वर्गातली मुलं सांगतात. माझ्या अकराव्या कामापुढे 'स्वतंत्र केले' या रकान्यात १२ सप्टेंबरची सही आहे. १२ सप्टेंबरला मी दिवसभर धुलाईच्या खोलीत चादरी मोजत होतो. दोनशे अठरा चादरी. मी कार्ड घेतलं आणि खिशात ठेवलं.

कार्डावर 'स्वतंत्र' आहे म्हणून १६ तारखेला मला बायकांच्या वॉर्डात एकट्याला बीपी घ्यायला पाठवलं. तिथे जत तालुक्यातल्या बनुबाई म्हणून आहेत. पाय सुजलेले आहेत. वरचा आकडा एकशे साठ, बोटांनी मिळाला. खालचा मला ऐकू आला नाही. परत फुगवला असता, पण त्या म्हणाल्या, "दुखतंय रं बाळा, किती हाय?" मी म्हटलं, एकशे साठ, ऐंशी. त्या म्हणाल्या, "ऐंशी म्हंजी बरंच की." त्यांचा चेहरा खुलला. मी तसंच लिहिलं.

वीस मिनिटांनी मयूरीने सहज परत घेतला. एकशे अडुसष्ट, एकशे बारा. डॉक्टर धावत आले, गोळ्या दिल्या. बनुबाई आता बऱ्या आहेत. मधल्या वेळात बीपी चढला असं सगळ्यांनी धरलं. मला कुणी विचारलं नाही.

पल्लवी मॅडम उद्या येतात. त्यांना सांगावं असं वाटतं. प्रांजल म्हणतो, "ए हरिश्चंद्रा, तुझ्यापायी सव्वीस कार्डं रद्द होतील." तो म्हणतो तेही खरं आहे. तुम्ही सांगाल तसं करीन.

अवधूत


सातारा
२ ऑक्टोबर

चि. अवधूतास आशीर्वाद.

मॅडमना काही सांगू नकोस. बाई बरी आहे ना? मग झालं. सगळ्या पोरांना अडचणीत आणून तुला काय मिळणार? आणि एकदा तोंडाने कबूल केलंस की पुढे तुझ्या प्रत्येक आकड्याकडे लोक संशयाने बघतील. नोकरी लागायच्या आधीच नाव खराब.

वॉर्डात पंखे असतात, माणसं बोलत असतात, गाड्या ढकलत असतात. सगळं ऐकू येतंच असं नाही. ते समजून काम करावं लागतं.

भाऊबीजेला येते आहे. असलं काही पत्रात लिहीत जाऊ नकोस.

आत्या


वडूज
शुक्रवार, २४ ऑक्टोबर, सकाळचे ६ वाजून १५ मिनिटे

तीर्थस्वरूप आत्यास नमस्कार.

आई चहा ठेवते आहे, बाबा अंगणात दाढी करत आहेत. तुम्ही काल संध्याकाळच्या गाडीने गेलात. दिवसभर समोर होतात, तरी मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

तुम्ही म्हणालात तसं मी मॅडमना काही सांगितलं नाही. पण मला बीपी येत नाही, परत शिकवा, असं म्हणालो. त्यांच्याकडे दोन माणसांनी एकाच वेळी ऐकायचा स्टेथोस्कोप आहे. एका नळीला त्यांचे कान, दुसरीला माझे. ठोके थांबले की त्या बोट उचलायच्या आणि मी माझं बोट. पहिल्या दिवशी आमची बोटं एकदाही बरोबर उठली नाहीत. पंधराव्या दिवशी दहापैकी नऊ वेळा उठली. मला आता खालचा आकडा ऐकू येतो.

पाडव्याला बाबा म्हणाले, "आण तुझं ते यंत्र. बघू, नर्सबाई काय शिकलीय." त्यांनी आपणहून हात पुढे केला. मी पाच-पाच मिनिटं थांबून तीनदा घेतला. एकशे बावन्न-अठ्ठ्याण्णव. एकशे पन्नास-अठ्ठ्याण्णव. एकशे पन्नास-शहाण्णव.

मग बाबांनी तुम्ही लिहून देता ती वही दाखवली. जानेवारीपासून दहा नोंदी आहेत. वरचे आकडे सगळे वेगळे आहेत: १३६, १४२, १३८, १४४. खालचे दहाही ऐंशी आहेत.

काल कुकर तुमच्यापासून दोन हातांवर होता. पाच शिट्ट्या झाल्या. आई परड्यातून "आवं वन्सं, बंद करा की!" म्हणत धावत आली, तेव्हा तुम्ही वर बघितलंत. बाबांनी मागून दोनदा हाक मारली, तुम्ही वळला नाहीत. समोरचा माणूस बोलायला लागला की तुम्ही त्याच्या तोंडाकडे बघता. मला ऑगस्टमधले ते तीन फोन आठवले.

बाबांना आज इथल्या डॉक्टरांकडे नेतो आहे. बाबांना वहीबद्दल काही बोललेलो नाही.

लहान तोंडी मी हे विचारू नये. पण माझ्याही हातचा एक ऐंशी आहे, म्हणून विचारतो. आत्या, तुम्हाला ठोके ऐकू येतात का?

अवधूत


सांगली
रविवार, १६ नोव्हेंबर, दुपारचे १२ वाजून ३० मिनिटे

तीर्थस्वरूप आत्यास नमस्कार.

तेवीस दिवस झाले, तुमचं पत्र नाही. मेसलाही गेलेलो नाही, खोलीत बसून लिहितो आहे.

शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी मी पल्लवी मॅडमना सगळं सांगितलं. बनुबाईंचं आणि चादरींच्या दिवसाच्या सहीचं. मॅडम म्हणाल्या, "बाकी कुणाचं नाव घेऊ नकोस. तुझं तेवढं सांग." पण सह्या एका हातच्या आणि एका दिवसाच्या होत्या, त्यामुळे सगळ्यांचीच कार्डं परत घेतली. आता सव्वीस जणांना ती कामं पुन्हा करून दाखवायची आहेत. इन्चार्ज सिस्टरांना लेखी विचारणा झाली आहे.

वर्ग माझ्याशी बोलत नाही. प्रांजलने खाट दुसऱ्या खोलीत नेली. मयूरी फक्त एवढं म्हणाली, "तू त्या दिवशी मला विचारलं असतंस तर मीच घेतला असता ना रे बीपी."

बाबा गोळी घेत आहेत. तुमच्याबद्दल मी कुणापाशी बोललेलो नाही आणि बोलणार नाही. ते तुमचं आहे. पण उद्या सकाळीही तुमच्यासमोर लाईन लागेल आणि माणसं हात पुढे करतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

अवधूत


सातारा
१० डिसेंबर

चि. अवधूतास आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रं उशाशी ठेवून होते. उत्तर लिहायला बसायची आणि उठायची.

नाही ऐकू येत. तीन वर्षं झाली. पहिल्यांदा पोटातल्या बाळाचे ठोके गेले. ते मी शिकाऊ पोरींना ऐकायला लावायची आणि म्हणायची, सांगा बघू किती, तुमची परीक्षा घेते. पोरींना वाटायचं, सिस्टर शिकवतात. मग बीपीचे ठोके गेले. वरचा आकडा बोटांना कळतो. खालचा बोटांना कळत नाही. वरच्या मजल्यावर बटणाचं यंत्र आहे, ते मागितलं असतं तर मिळालं असतं. पण कशाला हवं, हे कुणीतरी विचारलं असतं. मी ऐंशी लिहायला लागले. ऐंशीने कुणी घाबरत नाही. माणूस हसून घरी जातो. तुझा सख्खा बाप तसाच हसून घरी जायचा आणि मी त्याला कँटीनची बिस्किटं आणली का विचारायची.

तुला 'सांगू नकोस' लिहिलं ते तुझ्यासाठी नव्हतं. तेव्हा नाथाजी आबांना अर्धांगवायू होऊन महिना झाला होता. तीन सप्टेंबरला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. त्यांच्या वहीत माझ्या हातचे अकरा ऐंशी आहेत. डॉक्टर ती वही बघून म्हणायचे, खालचा बरा आहे, गोळी वाढवायला नको. माझ्यामुळेच झालं असं कुणी सांगू शकत नाही. माझ्यामुळे झालं नाही असंही कुणी सांगू शकत नाही. हे मी कुणाला बोलले नव्हते.

सोमवारी माझी पाळी होती. परीक्षक म्हणून शिवांजली बसली होती, माझ्याच हाताखाली शिकलेली पोर. मी पट्टा बांधला, नाडी धरली, वरचा आकडा सांगितला. स्टेथोस्कोप कानाला न लावता टेबलावर ठेवला. म्हटलं, "खालचा मला येत नाही. तीन वर्षं येत नाही." ती मान खाली घालून रडायला लागली. म्हणाली, "सिस्टर, आमाला म्हाईत होतं." मी इतकी वर्षं लपवत होते आणि पोरी इतकी वर्षं न बघितल्यासारखं करत होत्या.

मेट्रननी रजिस्टरं काढली. त्रेसष्ट माणसांना परत बोलावलं आहे. मला वॉर्डातून काढलं. चौकशी पुरी होईपर्यंत नव्या पोरींना हात धुणं आणि पेशंटला कुशीवर वळवणं शिकवते. पुढचं ठाऊक नाही. शिक्षा झाली तर ती घ्यावी लागेल.

एक काम आहे. नाथाजी आबांच्या घरी मला जायचं आहे. माझं बोलणं मी बोलेन. पण ती माणसं काय म्हणतील ते मला ऐकू येणार नाही. सुट्टी मिळाली तर येशील का?

आत्या


सांगली
सोमवार, १२ जानेवारी २०२६, संध्याकाळचे ५ वाजून २० मिनिटे

तीर्थस्वरूप आत्यास नमस्कार.

ड्यूटी संपली, हात धुतले, अंगठ्यासकट, आणि लिहायला बसलो. काल मंगळवार पेठेतून, नाथाजी आबांच्या घरून निघाल्यापासून सातारा स्टँडपर्यंत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत की त्यांच्या पत्नी सुलाबाई काय म्हणाल्या. तुम्ही मान हलवत होतात, पण त्या हातातल्या सुपाकडे बघून बोलत होत्या, त्यांचं तोंड तुम्हाला दिसत नव्हतं. मला माहीत आहे की तुम्हाला ऐकू आलेलं नाही. तुम्ही मला त्यासाठीच नेलं होतं. जसं ऐकलं तसं लिहितो. काही गाळत नाही.

तुम्ही त्यांच्यासमोर खाली बसून म्हणालात, "सुलाबाई, मला कानाने ऐकू येत नव्हतं. आबांच्या वहीत मी मनाचा आकडा लिहीत होते. अकरा वेळा लिहिला." त्यांचे हात ज्वारी पाखडत होते ते थांबले नाहीत. त्या म्हणाल्या:

"ऐंशी लिवून आनलं की ह्ये वही घिऊन सगळ्या गल्लीत दावत फिरायचे. घरात येऊन म्हनायचे, खालचा बरा हाय, आता लोनचं वाढ. मी वाढायची. बाई, तुमी लिवलं, पर वाढलं मी. मग मी कुनाच्या दारात जाऊन सांगू?"

तिथे तुम्ही पहिल्यांदा मान हलवलीत. मग म्हणाल्या:

"माफ केलं म्हनायला तोंड उघडत न्हाई माझं. खोटं कशाला बोलू? पर दवाखान्यातनं आजवर एक मानूस हितं आलं न्हाई. तुमी आलासा. येत जावा."

एवढंच. "येत जावा" हे त्यांनी दोनदा म्हटलं.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आबांची नाडी धरलीत आणि वरचा आकडा एकशे बेचाळीस सांगितलात. मला कानाने एकशे शेहेचाळीस आला. खालचा ब्याण्णव. वहीत लिहून मी ती आबांसमोर धरली. तुम्ही पट्टा गुंडाळत होतात, म्हणून कदाचित बघितलं नसेल. आबांनी डाव्या हाताचं बोट ब्याण्णववर ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

स्टँडवर मी कार्ड पुढे केलं तेव्हा अकराव्या कामावर तुम्ही सही केली नाहीत. "तू काय ऐकलंस ते मी ऐकलेलं नाही, मग सही कशी करू?" म्हणालात. बरोबर आहे. पल्लवी मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आत्यांना माझा नमस्कार कळव."

बाबांचा काल फोन आला होता. बीपी एकशे चौतीस-शहाऐंशी. तुमच्याकडे पूर्वीसारखंच येणार म्हणतात. "बिस्किटं कोन खानार मग?" असं म्हणाले. वहीचं मी त्यांना अजूनही सांगितलेलं नाही. ते तुम्ही सांगायचं की मी, हे तुम्ही ठरवा.

सोबत कार्डाचं शेवटचं पान पाठवतो आहे. चाळीसाव्या कामापुढे पहिल्या रकान्यात, ज्याचं काम पाहिलं त्याची सही लागते. ती करून पान परत पाठवावं. आजपर्यंतचा हिशेब असा आहे:

एकूण कामं, चाळीस. तिन्ही रकाने पुरे झालेली, सव्वीस. बाकी, चौदा.
हात धुणे: पुरे.
बीपी मोजणे: देखरेखीखाली नऊ वेळा. स्वतंत्र दोनदा. तिसरी वेळ बाकी.
चूक झाल्यास ती रुग्णाला व नातेवाइकांना सांगणे: पाहिले, एकदा. देखरेखीखाली, शून्य. स्वतंत्र, शून्य.
सांगायचे बाकी: बनुबाई, तालुका जत. गुरुवारी सकाळी दहा वाजता त्या तपासणीला येणार आहेत.

आपला,
अवधूत